सिस्टरच्या डोक्यावरची बॅटरी

२०१३ साली मला पासष्टावं सरलं होतं. त्या संक्रांतीच्या आसपास आमच्या गावच्या आरोग्य उपकेंद्रावर नवीन सिस्टर बदलून आल्या, आणि आल्या त्या डोक्यावर टोपडं घालून, सायकलीवर बसूनच आल्या. टोपडं म्हणजे सायकलवाल्यांचं हेल्मेट. त्यांच्या पुण्याच्या भाच्यानं सायकलीचा नाद सोडला आणि ते मावशीला देऊन टाकलं. पोपटी रंग, वर लांबलांब भोकं. टरबूज कापायला घ्यावं, सुरी लावावी आणि मधेच कुणी हाक मारली म्हणून तसंच सोडून उठावं, तसं ते दिसायचं. खाली हनुवटीला पट्टा. पांढरी साडी, पायात बूट आणि वर ते टरबूज. पारावरची माणसं पहिल्या दिवशी इतकी हसली की एकाचा तंबाखूचा तोबरा नाकात गेला.

मीही हसलो होतो. रस्त्यात गाठ पडली तेव्हा म्हणालो, "सिस्टर, टोपडं लेकराला घालायचं असतं. तुमीच कामून घातलंय?"

त्यांनी सायकल थांबवली, पाय टेकवला, माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. "नाना म्हणतात ना तुम्हाला? तुमच्या मुंडाशाला किती वार कापड लागतं?"

"नऊ वार."

"माझं एवढंसंच आहे. आणि पडले तर डोकं फुटणार नाही. तुमचं मुंडासं काय करतं?"

 मी तिसरीतून शाळा सोडलेला माणूस, पण बोलण्यात आजवर कुणाला हार गेलो नव्हतो. त्या दिवशी गेलो, आणि तेव्हापासून आमचं जमलं.

त्या चकलांब्याकडच्या. वय पंचेचाळीसच्या पुढं, लग्न केलेलं नव्हतं, कारण कुणी विचारलं तर "सवड झाली नाही" एवढंच सांगायच्या. उपकेंद्राखाली सात-आठ वस्त्या येतात, डोंगराच्या अंगानं विखुरलेल्या. आधीच्या सिस्टर गाडीवरून यायच्या, म्हणजे पक्का रस्ता संपेल तिथपर्यंत यायच्या आणि तिथूनच निरोप धाडायच्या. या सिस्टरना मी एकदा म्हणालो की स्कुटी घ्या, आता सगळ्या बाया स्कुटी चालवतात. त्या म्हणाल्या, "नाना, स्कुटी उचलता येत नाही." आणि खरंच, मी त्यांना सायकल उचलून बांध ओलांडताना बघितलंय. ओढ्यात पाणी असलं की सायकल खांद्यावर, बूट हातात, औषधाची पिशवी गळ्यात. पलीकडं गेल्या की बूट घालायच्या, टोपड्याचा पट्टा आवळायच्या आणि पुन्हा टांग मारायच्या. घाईत कधी दिसल्या नाहीत. उशिरा पोचल्या असंही कधी ऐकलं नाही.

आता बॅटरीचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्या बॅटरीवरून झालं.

आमच्याकडं शेतीची लाईट एक आठवडा दिवसा असते आणि एक आठवडा रात्री. रात्रीची असली की गडी माणसं डोक्याला पट्ट्याची बॅटरी बांधून पिकाला पाणी देतात. हातात फावडं असतं, बॅटरी धरणार कोण? लांबून बघितलं तर अंधारात नुसते उजेडाचे ठिपके वाकतात, उठतात, इकडून तिकडं जातात. मी वडवणीच्या बाजारातून अशा दोन बॅटऱ्या आणल्या होत्या, एकसारख्या. एक माझी, एक गड्याची. गडी काम सोडून गेला, ती तशीच पडून होती. सिस्टरच्या सायकलीला आधी डायनामोचा दिवा होता, चाकाला घासून पेटणारा. तो काढून त्यांनी कपाटात टाकला होता आणि हातात बॅटरी धरून एका हातानं सायकल चालवायच्या. मी विचारलं, दिवा का काढला? त्यांनी जे सांगितलं ते मी अजून विसरलो नाही.

"नाना, तो दिवा चाक फिरतं तोवर जळतो. मी थांबले की विझतो. आणि माझं काम मी थांबल्यावर सुरू होतं."

मग मी ती पडून असलेली बॅटरी त्यांना दिली. त्यांनी टोपड्याच्या भोकांतून पट्टा ओवून पुढं कपाळावर अशी घट्ट बसवली की जणू कारखान्यातून तशीच आली असावी. त्या उजेडात रस्ता दिसायचा, त्याच उजेडात बांधावरचा साप दिसायचा, आणि वस्तीवर लाईट नसली तर त्याच उजेडात बाळंतपण व्हायचं. आमच्या वस्त्यांवरच्या किती लेकरांनी जगात आल्याबरोबर पहिल्यांदा ती बॅटरीच बघितली असेल. आमच्या शेजारची म्हातारी म्हणायची, "आता लेकरू बाहेर येतंय ते डोळं झाकूनच. सिस्टर लई जोरात बत्ती मारतीय."

एकदा बाजारच्या दिवशी तिन्हीसांजेला आम्ही बरोबरच येत होतो, त्या सायकलीवर आणि मी माझ्या सायकलीवर. फाट्यावर हवालदार उभा होता. पोरसवदाच, बोलायला बरा. त्यानं सिस्टरना थांबवलं.

"बाई, सायकलीला दिवा कुठंय?"

सिस्टरनी डोक्याकडं बोट केलं.

"ते डोकं झालं. कायद्यात सायकल लिहिलंय. पुढं पांढरा दिवा, मागं तांबडी काच, आन् दोन्ही सायकलीला."

"सायकल कुठं न्यायची ते डोकंच ठरवतं ना, साहेब?" असं म्हणून त्यांनी मान त्याच्याकडं केली. सगळा उजेड त्याच्या तोंडावर. त्यानं हात आडवा धरला.

"अवं, डोळ्यात नका मारू."

"दिसते म्हणजे मी."

तो हसला. मी पण हसलो. मग तो जरा गंभीर होऊन म्हणाला, "बाई, माझी काय हरकत न्हाई. पर एक दिवा सायकलीला लावून घ्या. आज मी हाय, उद्या दुसरा असंल. दुसरा ऐकून घेणार न्हाई." सिस्टर "बघते" म्हणाल्या. मागच्या मडगार्डाला तांबडी काच त्यांनी दुसऱ्याच दिवशी लावली. पुढचा दिवा राहिला तो राहिलाच. त्या हट्टी होत्या. मी त्यांना समजावलं नाही, कारण हट्ट हा गुण आहे असं माझं आजही मत आहे.

त्यांचा दुसरा हट्ट वजनाचा. लेकरांची वजनं करायला त्या लिंबाच्या फांदीला काटा टांगायच्या, त्याला झोळी आणि झोळीत लेकरू. वरून साहेब यायचा असला की अंगणवाडीत कुणीतरी हळूच म्हणायचं, सिस्टर, पावभर वाढवून लिहा, गावाचं नाव खराब होतं. सिस्टर लिहायच्या ते काटा दाखवील तेच. माझा पुतण्या दत्ता तेव्हा सरपंच होता. त्याच्या धाकट्या पोरीचं वजन कमी भरलं तर त्यानं पारावर दंगा केला, सरपंचाची पोर कुपोषित लिहिली म्हणून. सिस्टर पारावर आल्या नाहीत. त्याच्या घरी गेल्या, त्याच्या बायकोला शेजारी बसवून पोरीला काय आणि कसं खायला घालायचं ते सांगितलं, आणि महिनाभर रोज गेल्या. पोरगी बाळसं धरून आली. मग दत्ताच सगळ्यांना सांगत सुटला, "आमच्या सिस्टर म्हंजी खऱ्याच्या हायत." तेव्हा त्याला खऱ्याची किंमत एवढीच माहीत होती.

एक गोष्ट लिहावी की नाही असं वाटत होतं, पण लिहितो. सिस्टरच्या सायकलीच्या दांडीला स्टीलचा एक पेला बांधलेला असायचा. त्या बौद्ध समाजाच्या. बाळंतपण करायला घरात सगळीकडं त्यांचा हात चालायचा, चुलीपर्यंत चालायचा, पण काम उरकल्यावर चहा आला की काही घरं कपाटामागचा वेगळा कप काढायला बघायची. सिस्टरनी कुणाला तशी वेळच येऊ दिली नाही. चहा आला की उठायच्या, पेला सोडून आणायच्या, म्हणायच्या, "माझा पेला माझ्याबरोबर असतो." हसून म्हणायच्या. माझ्या घरी त्या पेला सोडायला उठल्या तेव्हा मी म्हणालो, "तो तिथंच राहू द्या, सायकलीला तहान लागंल." घरच्या कपात चहा दिला. बायको चार दिवस माझ्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी तिचीच कंबर धरली आणि सिस्टरनी चोळून दिली, मग बोलायला लागली.

आता तो दिवस.

सिस्टर येऊन पाच वर्षं झाली होती, मार्गशीर्ष होता. उसाचा हंगाम भरात, रस्त्यानं ट्रॅक्टरांची रीघ. शेतीची लाईट रात्रीची होती, म्हणून मी पहाटेच रस्त्याकडच्या तुकड्यात गव्हाला पाणी देत होतो. डोक्यावर मुंडासं, त्यावर बॅटरी. ओढ्यापलीकडच्या वस्तीवर एका मजुराची बायको अडली होती. दवाखान्याची गाडी पक्क्या रस्त्यावरच थांबली, तिला आत यायला वाट नव्हती. सिस्टरनी खोपटातच बाळंतपण केलं, बाई आणि लेकरू दोघांना बैलगाडीत घालून रस्त्यापर्यंत आणलं, दवाखान्याच्या गाडीत बसवलं आणि स्वतः सायकलीवर घराकडं निघाल्या. माझा उजेड बघून थांबल्या.

"नाना, मुलगी झाली. चांगली वजनदार आहे."

"खरं वजन का वाढीव?"

"तुम्ही फावडं मारा."

एवढंच बोलणं झालं. त्या पुढं गेल्या. मी त्यांची बॅटरी जाताना बघत होतो, कारण ती माझ्या बॅटरीची जोडीदार, मला ओळखू यायची. समोरून एक उजेड आला. एकच. मला वाटलं मोटारसायकल. त्यांनाही तेच वाटलं असणार, त्यांनी मोटारसायकलीपुरती वाट सोडली. ती मोटारसायकल नव्हती. उसाचा ट्रॅक्टर होता, मागं दोन ट्रॉल्या, पुढचा एक दिवा फुटलेला आणि टेप मोठ्यानं लावलेला. ट्रॅक्टर गेला. पहिली ट्रॉली गेली. दुसऱ्या ट्रॉलीनं त्यांना ओढलं.

मी पळालो. माझ्या वयाचा माणूस जेवढा पळतो तेवढा. त्या खड्ड्यात पडल्या होत्या, डोळे मिटलेले. डावा पाय गुडघ्यापासून भलत्याच बाजूला. टोपडं तडकलं होतं. नंतर डॉक्टर म्हणाले, त्यानंच डोकं वाचवलं. कपाळावरची बॅटरी जळतच होती, समोरच्या चिखलावर उजेड पाडून. ती मी बंद केली नाही. लोकांना कुठं यायचं ते कळावं म्हणून तशीच ठेवली.

सिस्टरना दवाखान्यात हलवलं, ट्रॅक्टरवाला पुढं फाट्यावर सापडला. सकाळी पोलीस पंचनाम्याला येणार होते. त्याच्याआधी दत्ता चार माणसं घेऊन तिथं आला. त्याला कुणीतरी, कुठल्यातरी वकिलाच्या ओळखीच्या माणसानं, फोनवर सांगितलं होतं की सायकलीला दिवा नसला तर केस उभी राहत नाही, डोक्यावरचा दिवा कायदा धरत नाही. दत्तानं सायकलवाल्याला झोपेतून उठवून नवा कोरा दिवा आणला होता. माझ्या डोळ्यादेखत त्यानं तो चेंबलेल्या सायकलीच्या वाकड्या हँडलला बसवला. आणि तिथंच राहिलेल्या टोपड्यावरची बॅटरी सोडून माझ्या हातात दिली. म्हणाला, "नाना, ही घरी न्या. उगं दोन दोन दिवं कशाला?"

मी म्हणालो, "दत्ता, हँडल वाकडं अन् दिवा सरळ. ह्याला डायनामो न्हाई, वायर न्हाई. हा पेटत कशावर होता?"

"नाना, पोलीस एवढं बघत न्हाईत."

"अन् वकील?"

"तुमी गप बसा. आपल्या सिस्टरचं काम हाय. गावाची अब्रू हाय."

बाकीच्या चौघांनीही मान हलवली. कुणाच्याही मनात पाप नव्हतं. हे मी मुद्दाम लिहितो. आमच्या गावात कुणी अडचणीत सापडलं की सगळे मिळून खोटं बोलतात, आणि त्याला धरून राहणं म्हणतात. चराईच्या भांडणात, बांधाच्या मोजणीत, निवडणुकीत ते आजवर चाललं. त्यांच्या परीनं त्यांनी सिस्टरना गावातलं माणूस धरलं होतं. पंचनाम्यात दिवा लिहिला गेला, फोटो काढले गेले.

सिस्टर चार महिने दवाखान्यात होत्या. पाय राहिला, पण वाकायचा बंद झाला. सायकल संपली. पुढं केस उभी राहिली तेव्हा ट्रॅक्टरवाल्याचं म्हणणं असं आलं की चूक बाईचीच, बाई निष्काळजीपणानं चालवत होती. आणि त्यांच्या खात्यातल्या साहेबानंही सांगून ठेवलं की कोर्ट काय म्हणतं ते बघू, मग बसून करायचं काम देता येतं का ते ठरवू. सिस्टर मला म्हणाल्या, "नाना, भरपाई नको असं मी म्हणत नाही. पण मी एवढी वर्षं अंधारात फिरले, माझ्या हातून एक लेकरू पडलं नाही. मला निष्काळजी म्हणू नये कुणी. एवढंच हवंय."

साक्षीच्या आधी दत्ता आणि मंडळी उपकेंद्राच्या खोलीत त्यांच्याकडं गेली. मीही होतो. दत्ता खाली बसून लई नम्रपणे बोलला.

"सिस्टर, तुमी काय बोलू नका. दिवा तुमचा का, असं विचारतील. फक्त हो म्हणायचं. आमी समदे हाव मागं."

"तो दिवा माझा नाही, दत्ता."

"आमाला ठाव हाय. पर कायदा तसा हाय तर आपण काय करायचं?"

सिस्टर काठीवर हात ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, "तुझ्या पोरीचं वजन मी पावभर वाढवून लिहिलं असतं तर चाललं असतं तुला. पोरगी आज कुठं असती?"

दत्ता उठला. बाहेर येऊन मला म्हणाला, "नाना, ह्या बाईला कळत न्हाई. तिच्या पायासाठी आमी जीव काढतोय." मी म्हणालो, "तुला तरी कुठं कळतंय रं."

कोर्टात सिस्टरना पूर्ण नावानं पुकारलं तेव्हा आमच्यातले दोघं इकडंतिकडं बघायला लागले, ही बाई कोण म्हणून. इतकी वर्षं घरात येणाऱ्या बाईचं नाव त्यांना माहीत नव्हतं. समोरच्या वकिलानं फोटो दाखवला. त्यात दिव्यावर किमतीचा कागद तसाच चिकटलेला दिसत होता. तो म्हणाला, "हा दिवा तुमच्या सायकलीला होता?"

"नाही. माझा दिवा डोक्यावर होता."

"मग हा कुणी लावला?"

"मी तेव्हा शुद्धीवर नव्हते."

आमच्या वकिलानं डोक्याला हात लावला. दत्तानं मान खाली घातली. मग माझी साक्ष.

"त्या वेळी तुमच्या डोक्यावर काय होतं?" समोरचा वकील.

"मुंडासं."

"त्यावर?"

"बॅटरी. पाणी देत होतो."

"बाईंच्या डोक्यावर होती तशीच?"

"तशीच. दोन्ही मीच आणल्या होत्या."

"म्हणजे लांबून दोन सारखेच उजेड दिसत असतील."

"लांबून काय दिसतं ते लांबच्याला विचारा. मी जवळ होतो."

जजसाहेब म्हणाले, आजोबा, सरळ उत्तर द्या. मी म्हणालो, साहेब, ह्याच्यापेक्षा सरळ मला येत नाही.

पण लांबच्याला आधीच विचारून झालं होतं. ड्रायव्हर म्हणाला होता, "मला दोन बॅटऱ्या दिसल्या. वाटलं दोघं रानात पाणी देत्यात. सायकल हाय हे कसं कळणार? सायकलीचा दिवा खाली असतो, सरळ येतो. ही बत्ती उंच व्हती आन् हालत व्हती." मी ते ऐकलं तेव्हा त्याला उठून मारावंसं वाटलं. घरी येताना एसटीत मनातल्या मनात घोळवलं तर वाटलं, तो खोटं बोलत नव्हता. आमच्या भागातला कुणीही ड्रायव्हर असता तर त्याला तसंच वाटलं असतं. रस्त्याकडच्या रानात, पहाटे, रात्रीच्या लाईटच्या आठवड्यात, उंचावर हलणारा उजेड म्हणजे पाणी देणारा गडी. त्यातला एक उजेड तर मीच होतो. कायदा करणाऱ्यानं काहीतरी बघूनच तो केला असेल हे मी मान्य करतो. पण त्या ट्रॅक्टरचा दुसरा दिवा फुटलेला नसता तर सिस्टरनी त्याला मोटारसायकल समजून एवढीशी वाट सोडली नसती, हेही मान्य करायला कुणीतरी पाहिजे होतं.

निकाल पुढच्या हंगामात लागला. आमच्या वकिलानं कोर्टाच्या व्हरांड्यात समजावून सांगितलं. सायकलीचा दिवा सायकलीलाच पाहिजे, डोक्यावरचा दिवा हा माणसाचा दिवा, मान वळली की तोही वळतो. गावानं लावलेला दिवा खोटा ठरला, म्हणून गावाच्या साक्षीही खोट्या ठरल्या. निष्काळजीपणा अर्धा ट्रॅक्टरचा, अर्धा बाईंचा.

"म्हणजे दिवा फुटलेला ट्रॅक्टर अन् दिवा असलेली बाई सारखीच?" मी विचारलं.

"कायद्याच्या नजरेत तसंच म्हणा."

 "निष्काळजी असा शब्द आहे का त्यात?" एवढंच सिस्टरनी विचारलं. वकील हो म्हणाला. त्यांनी काठी उचलली.

खात्यातल्या साहेबाचं बसून करायचं काम त्यानंतर कुठं गेलं ते कळलं नाही. आणि गावात वेगळंच सुरू झालं. खोटा दिवा लावल्याबद्दल दत्ताला ठाण्यात बोलावणी येऊ लागली होती. पारावर बोलणं सुरू झालं की आपण तिच्यासाठी केलं आणि तिनं भर कोर्टात आपल्यालाच तोंडघशी पाडलं. ज्यांच्या घरी सिस्टरचा पेला सायकलीवरून सुटायचा, त्यांच्यातला एक म्हणाला, "शेवटी जातीवरच गेली." त्यावर मी जे बोललो ते इथं लिहीत नाही, तसलं छापत नाहीत. त्या माणसाची तिन्ही नातवंडं त्याच बॅटरीच्या उजेडात जन्मलेली. तेव्हापासून पारावर मी गेलो की तिघं उठतात. मीही मुद्दाम जातो. तेवढीच जागा मोकळी होते.

सिस्टर चकलांब्याला धाकट्या बहिणीकडं जायला निघाल्या तेव्हा एसटीच्या थांब्यावर मी एकटाच होतो. ओढ्यापलीकडची ती मजुराची बायको पोरीला कडेवर घेऊन पळत आली, पण गाडी सुटायच्या बेतात होती, नुसतं तोंड बघणं झालं. दत्ताची बायको दारात उभी राहून लांबून बघत होती, आली नाही. सिस्टरचं सामान म्हणजे एक पेटी आणि एक पिशवी. पिशवीतून त्यांनी तडकलेलं टोपडं काढून माझ्या हातात दिलं.

"बॅटरी तुमच्याकडंच आहे. टोपीपण ठेवा."

"मला काय करायची? मला मुंडासं हाय."

"मुंडासं काय करतं ते तुम्ही अजून सांगितलं नाही."

मी म्हणालो, "सायकलीचं काय?"

"ठाण्यात गंजतेय. त्या दिव्यासकट." मग म्हणाल्या, "नाना, मी हो म्हणायला पाहिजे होतं असं वाटतं का तुम्हाला?"

"न्हाई."

"मलापण नाही. पण विचार येतो." एवढं बोलून त्या कंडक्टरच्या आधारानं चढल्या. न वाकणारा पाय आधी आत घ्यावा लागला, तेवढा वेळ मागचे लोक कुरकुरले. खिडकीतून त्यांनी हात केला की नाही ते मला दिसलं नाही. माझं लक्ष टोपड्यावर होतं. आतल्या कापडाला त्यांच्या तेलाचा वास होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी, फटफटायच्या आधी, मी माझ्या सायकलीचा दिवा पान्ह्यानं खोलून काढला आणि ओसरीवर ठेवला. बायको म्हणाली, कुठं निघालात?  मुंडासं खुंटीला अडकवलं. टोपडं घातलं, बॅटरी तिच्या जागी ओवली, पट्टा आवळला आणि सायकल मारत फाट्यावर गेलो. तोच हवालदार होता, आता जरा जाड झालेला, टपरीपुढं चहा पीत. मी त्याच्यासमोर सायकल उभी केली.

"माझ्या सायकलीला दिवा न्हाई," मी म्हणालो. "डोक्यावर हाय. कायद्यात चालत न्हाई. मला धरा."

त्यानं टोपडं बघितलं आणि ओळखलं. "मी सांगितलं होतं त्यांना," तो म्हणाला.

"सांगितलं होतं. मी साक्षीला होतो. आता मला धरा."

"कुणाला धडकला का, आजोबा?"

"न्हाई."

"मग जा की घरी. म्हाताऱ्या माणसाला काय धरायचं? उजाडलंच आता."

उजाडलं नव्हतं. मी टपरीच्या बाकड्यावर बसलो आणि बॅटरी चालूच ठेवली. एवढ्यात कारखान्याकडून उसाचा एक ट्रॅक्टर आला, मागं दोन ट्रॉल्या. पुढचा एकच दिवा जळत होता. हवालदारानं ड्रायव्हरला हात केला, ड्रायव्हरनंही त्याला हात केला, आणि ट्रॅक्टर गेला. मग दिवस वर आला. हवालदार दोनदा म्हणाला, आजोबा, बॅटरी बंद करा, उगीच जळतेय. मी बंद केली नाही.